अंगणात बॉक्सवुडचं कुंपण करायचंय – बारापैकी पाच रोपं गेली, मदत हवी आहे

अंगणवेडी | २ ऑगस्ट, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, तोही रडकुंडीला येऊन.

नेरूळला आमचं छोटं रो हाऊस आहे, पुढे साधारण पंधरा बाय वीस फुटांचं अंगण आणि मधोमध सासूबाईंनी बांधून घेतलेलं तुळशीवृंदावन. दोन वर्षांपूर्वी ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी तिच्याकडे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडला चार महिने राहिले होते. तिच्या घरापुढे बॉक्सवुडचं गुडघ्याएवढं कुंपण आहे, इतकं दाट आणि गच्च की वरून हात फिरवला तर जाडसर सतरंजीवरून फिरवल्यासारखं वाटतं. बर्फ पडला तेव्हा आजूबाजूची सगळी झाडं खराटा झालेली आणि हे मात्र हिरवंच. तेव्हाच मनात आलं की आपल्या तुळशीभोवती अशी चौकट हवी, संध्याकाळी दिवा लावला की चारी बाजूंनी हिरवं.

यंदा मे महिन्यात घोडबंदर रोडच्या एका नर्सरीतून सात रोपं आणली, ते 'बॉक्सवुडच आहे मॅडम' म्हणाले. पाच कमी पडत होती ती ऑनलाईन मागवली, ती डोंगराकडच्या कुठल्याशा नर्सरीतून आली, छोट्या पिशवीतली, फार सुंदर होती. पहिला पाऊस झाल्यावर जूनच्या मध्याला सगळी एकदमच लावली. एक फुटावर एक, शेणखत घातलं, खड्डे चांगले खोल घेतले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक रोप निस्तेज झालं, मग शेजारचं, आणि आता ऑनलाईनवाली पाचही गेलीत. नर्सरीतली सात मात्र ठणठणीत आहेत, उलट वाढली आहेत. औषध म्हणून निमतेल मारलं दोनदा, काही फरक नाही. ती सात तरी वाचावीत आणि त्या पाच जागी काय करू ते सांगा. फार मनापासून केलं होतं हो.

घोडबंदरकर | २ ऑगस्ट, रात्री १०:५०

फोटो टाका ना ताई, गेलेल्यांचे आणि जगलेल्यांचे दोन्ही. आमच्या सोसायटीतही बॉक्सवुड म्हणून काहीतरी लावलंय आणि ते मस्त चाललंय, त्यामुळे ठाण्यात होतच नाही असं नसावं.

माळीकाका | ३ ऑगस्ट, सकाळी ६:२०

अंगणवेडी, फोटोची वाट न बघता आधी तीन प्रश्न विचारतो.

एक, गेलेल्या रोपांची पानं गळून खाली पडली की वाळून झाडावरच राहिली? दोन, जगलेल्या सातांचं आणि गेलेल्या पाचांचं पान एकसारखं आहे का? घाईत बघू नकोस, एकेक डहाळी तोडून शेजारी शेजारी ठेव. खऱ्या बॉक्सवुडची पानं काडीवर समोरासमोर, जोडीजोडीने येतात, पान साधं, चिवट, नखाएवढं आणि बऱ्याचदा टोकाला बारीकशी खाच असते. तीन, जगलेल्याचं पान चुरगाळून वास घे आणि मग एक पान मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघ, टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे बारीक ठिपके दिसतात का.

मी चाळीस वर्षं कुंपणं लावलीत, आधी कळव्याला आणि मग ठाण्यात, आणि सुरुवात नेहमी पानापासूनच करतो, कारण नर्सरीतलं नाव एक आणि झाड दुसरं असं कितीदा तरी पाहिलंय.

अंगणवेडी | ३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

काका, डबा करायचा बाजूला ठेवून आधी अंगणात गेले.

गेलेल्यांची पानं झाडावरच आहेत, गवताच्या काडीसारखी फिकट पिवळी झालीत आणि कडा आत वळल्यात. हात लावला तरी सहज पडत नाहीत. आणि पान वेगळंच आहे! जगलेल्यांत एका बारीक देठावर पाच-सात छोटी पानं आहेत, एकाआड एक, थेट कढीपत्त्याच्या काडीसारखी, फक्त पान गोलसर आणि चकचकीत. चुरगाळल्यावर लिंबासारखा वास आला. टॉर्चवर धरलं तर खरंच ठिपके! मुलीला पण दाखवले, ती शाळेला जाता जाता दोन पानं घेऊन गेली. गेलेल्यांचं पान धरलं तर ठिपके नाहीत.

म्हणजे मी दोन वेगळी झाडं लावली का?

माळीकाका | ३ ऑगस्ट, सकाळी ९:३०

हो. तुझी जगलेली सात म्हणजे कामिनी, काहीजण कुंती म्हणतात. शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा. लिंबाच्या कुळातली, कढीपत्त्याची चुलत बहीण, ते ठिपके म्हणजे पानातल्या सुगंधी तेलाच्या पिशव्या. पांढरी सुवासिक फुलं येतात आणि मग लाल फळं.

नर्सरीवाल्याने मुद्दाम फसवलं असं मात्र मी म्हणणार नाही. कामिनीला इंग्रजीत चायनीज बॉक्स असंही एक जुनं नाव आहे, त्याचं कधीतरी बॉक्सवुड झालं असावं. बारीक पानाचं, कात्रीला चांगलं बसणारं कुंपणाचं झाड दिसलं की आपल्याकडे त्याला सर्रास बॉक्सवुड म्हणून मोकळे होतात. घोडबंदरकर, तुमच्या सोसायटीतलंही एकदा चुरगाळून बघा.

गेलेली पाच खरी बॉक्सवुड होती असं दिसतंय. एक उपट. मुळं पाण्याने धू आणि एखादं मूळ दोन बोटांत धरून हळूच ओढ, काय होतं ते लिही.

सीवूड्सवाली | ३ ऑगस्ट, सकाळी १०:१२

मी वाचतेय. मला पण बॉक्सवुडच घ्यायचं होतं गणपतीच्या आधी. थांबते.

अंगणवेडी | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४०

उपटलं. खरं तर उपटावं लागलंच नाही, अलगद वर आलं. खड्ड्यात तळाला पाणी साचलेलं होतं आणि मातीला कुबट वास. मुळं तपकिरी काळपट, पांढरं एकही नाही. काका तुम्ही सांगितलं तसं मूळ ओढलं तर वरची साल पायातून मोजा काढावा तशी अख्खी निघून आली आणि हातात दोऱ्याएवढी काडी राहिली. बघून पोटात कसंतरी झालं.

अजून एक आत्ताच लक्षात आलं. गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाईप त्याच कोपऱ्यात सुटतो. पाचही रोपं त्या बाजूलाच होती. आणि आमच्याकडे वरची वीतभरच लाल माती आहे, खाली दाबलेला मुरुम.

माळीकाका | ३ ऑगस्ट, रात्री ९:१५

तो मोजा म्हणजेच मूळकूज. फायटोप्थोरा नावाचा बुरशीसारखा जंतू साचलेल्या पाण्यात फोफावतो आणि बॉक्सवुडची मुळं आधीच उथळ, वरच्या थरातच पसरणारी, त्यांना हवा लागते. मुरुमात खोल खड्डा घेतलास म्हणजे खरं तर एक टाकीच तयार केलीस, वरचा पाईप ती भरत राहिला. तिथे मुळं श्वास कुठून घेणार? निमतेल पानावर मारून मुळाला काही पोचत नाही, त्यामुळे औषधात तुझं काही चुकलं म्हणून ती गेली असं नाही, ती पहिल्या आठवड्यातच आतून जायला लागली असणार, वर दिसायला महिना लागला.

कामिनी याच पावसात तगली कारण ती इकडच्याच हवेची, उष्ण प्रदेशातली आहे. पण तिलाही साचलेलं पाणी आवडत नाही, पाईप तर वळवच.

रिचमंडकर | ४ ऑगस्ट, पहाटे ४:३५

इकडून लिहितेय, गेली अकरा वर्षं रिचमंडजवळ राहते, माहेर ठाणे, नौपाडा. अंगणवेडी, तुमच्या ताईंच्या गावातलंच एक बॉक्सवुडचं कुंपण माझ्याकडेही आहे म्हणून राहवलं नाही.

आपण इथे येऊन हे झाड बघतो तेव्हा वाटतं लावलं की झालं, पण इथेही त्याचे लाड असतात. पहिली गोष्ट, इकडे वर्षाचा पाऊस साधारण अकराशे मिलिमीटर, तोही बाराही महिन्यांत वाटून. ठाण्याला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. तरीसुद्धा इथे मला रोप लावताना सांगितलं होतं की मुळांचा गोळा जमिनीच्या थोडा वरच राहू दे, बुंध्याला माती चढवू नकोस, वर लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन घालायचं तेही दोन इंचांपेक्षा जास्त नाही आणि खोडाला चिकटवून नाही. आपण खड्डा खोल घेतो ना, ती सवय इथे उलटी पडते.

दुसरं म्हणजे छाटणी. मी पहिली तीन वर्षं इलेक्ट्रिक कात्रीने वरून गुळगुळीत करत राहिले, दिसायला अगदी चित्र, आणि एक दिवस पानं बाजूला सारून आत बघितलं तर आत सगळ्या उघड्या वाळक्या काड्या, हिरवा फक्त वरचा इंच-दोन इंचाचा थर. उजेड आणि वारा आत जातच नव्हता. आता हिवाळ्यात मी हातानेच इथून तिथून वीतभर लांबीच्या डहाळ्या मोडून काढते, कुंपणाला बारीक बारीक खिडक्या पडतात आणि वसंतात आतून नवी पालवी येते. मोडलेल्या डहाळ्यांची नाताळाची तोरणं करतात इथे लोक, दारावर लावायची. उन्हाळा संपताना मात्र छाटायचं नाही, कारण कोवळी पालवी येते आणि तीच थंडीत करपते.

आणि रोगराई. इथे २०११ पासून बॉक्सवुड ब्लाइट नावाचा बुरशीचा रोग आलाय, युरोपात त्याच्या आधीपासून होता. त्यात पानांवर तपकिरी डाग, काड्यांवर काळ्या रेघा आणि पानं भराभर खाली गळतात. म्हणूनच काकांनी पानं गळली का विचारलं असणार. शेजाऱ्याची कात्री मी माझ्या झाडाला लावू देत नाही, स्पिरिटने पुसते, आणि पानं ओली असताना छाटत नाही. शिवाय २०२१ पासून अमेरिकेत बॉक्स ट्री मॉथची अळीही आलीय, मूळची पूर्व आशियातली, ती झाड पार खराटा करून टाकते. लीफमायनर तर जुनाच, पान फुगल्यासारखं दिसतं आणि फोडलं तर आत पिवळी अळी.

वासाबद्दल ताईंना विचारा, ऊन तापलं की बॉक्सवुडला चक्क मांजराच्या मुतासारखा वास येतो. मला आता आवडायला लागलाय. पण तुळशीपाशी मी कामिनीच लावली असती.

पानाफुलात | ४ ऑगस्ट, सकाळी ११:००

माझं स्पष्ट मत आहे की परदेशी झाडांच्या मागे लागूच नये. कोयनेल लावा, वनजाई. आपल्या खाडीकिनाऱ्याची, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही, छाटली की दाट होते, पांढरी नाजूक फुलं येतात. लहानपणी रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो, सगळीकडे कोयनेलचंच कुंपण, कोणी पाणीसुद्धा घालत नव्हतं.

अंगणवेडी | ४ ऑगस्ट, दुपारी १:३०

पानाफुलात, कोयनेल मलाही आवडते पण ती पसरते फार ना, मला गुडघ्याच्या खालची बारीक चौकट हवीय. आणि परदेशी म्हणून मागे लागले असं नाही हो. ताईचं ऑपरेशन झालं तेव्हा ती घाबरली होती, चालताच येणार नाही असं तिच्या मनाने घेतलं होतं. आम्ही रोज संध्याकाळी त्या कुंपणाच्या कडेने चालायचो, आधी एका टोकापर्यंत, मग परत. ते कुंपण माझ्यासाठी म्हणजे ते चालणं आहे.

पानाफुलात | ४ ऑगस्ट, दुपारी २:१०

समजलं. माझं 'मागे लागूच नये' मागे घेतो. मग एक सुचवतो, खरं बॉक्सवुड एखादं तरी कुंडीत ठेवा, जमिनीत नको. आणि चौकट कामिनीची करा, तिची छोट्या पानाची बुटकी जात मिळते.

चौदावा_मजला | ४ ऑगस्ट, रात्री ११:२०

कुंडीचा विषय निघालाय म्हणून सांगतो. येऊरच्या बाजूला चौदाव्या मजल्यावर राहतो, खरं बॉक्सवुड माझ्याकडे तीन वर्षं आहे, एकच. पूर्वेची बाल्कनी, सकाळचं ऊन दहा-साडेदहापर्यंत आणि मग सावली. साधी मातीची कुंडी, प्लास्टिकची नाही, कारण मातीच्या कुंडीच्या अंगातून ओल बाहेर जाते. मातीत एक भाग लाल माती, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि जाड वाळू मिळून, एक भाग गांडूळखत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जवळजवळ नाहीच, पावसाळ्यात ते स्पंजासारखं ओलं राहतं. कुंडीखाली बशी ठेवत नाही, दोन विटांवर उचलून ठेवलीय.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुंडी आत भिंतीला, पाऊस लागत नाही अशा जागी. बोट दोन पेरं आत घालून बघतो, कोरडं लागलं तरच पाणी. एप्रिल-मे मध्ये ते नुसतं उभं असतं, काही वाढत नाही, आणि मी पण छेडत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र दोन-तीन बोटं पालवी येते आणि त्या पालवीचा पोपटी रंग बघायला मी ऑफिसला उशीर करतो. तीन वर्षांत वीतभर वाढलंय फक्त. घाई असेल त्याने घेऊ नये, एवढं मात्र नक्की.

सीवूड्सवाली | ५ ऑगस्ट, सकाळी ९:००

माझ्या घरी मांजर आहे, ती सगळं चावून बघते. बॉक्सवुड चालेल का?

रिचमंडकर | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१५

नको. पानांत विषारी अल्कलॉइड्स असतात, जनावरांना त्रास होतो. इकडे हरणं सगळी बाग खातात पण बॉक्सवुडला सहसा तोंड लावत नाहीत, ते त्यामुळेच. आणि सोनेरी ड्युरांटा लावायचा विचार असेल तर त्याची पिवळी फळंही विषारीच, घरात लहान मूल असेल तर लक्ष ठेवा.

घोडबंदरकर | ५ ऑगस्ट, रात्री ८:४५

काका, सोसायटीतलं चुरगाळलं. लिंबाचा वास! कामिनीच. आमच्या माळीदादांना सांगितलं तर ते म्हणाले, मी तर आधीपासून कामिनीच म्हणतोय, बॉक्सवुड तुमच्या कमिटीने लिहिलंय.

अंगणवेडी | ६ ऑगस्ट, सकाळी ७:३०

काका, मग ठरलं. चौकट कामिनीची. मला नीट सांगाल का पाच जागांचं काय करायचं आणि छाटणी कधी? कुंपणाच्या कोपऱ्यावर लिंबाची कुंडी आहे, ती राहू दे ना?

माळीकाका | ६ ऑगस्ट, सकाळी ९:५०

आधी लिंबाचं. कुंडी कामिनीपासून जेवढी लांब नेता येईल तेवढी ने. दोघी एकाच कुळातल्या, आणि लिंबावर ग्रीनिंग नावाचा रोग पसरवणारी बारीक किड, सायला म्हणतात तिला, ती कामिनीच्या कोवळ्या पालवीवर मजेत वाढते. पालवी वाकडीतिकडी आणि पांढऱ्या मेणचट तंतूंनी भरलेली दिसली की ती टोकं खुडून टाकत जा. फुलपाखराच्या अळ्याही येतील, पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. त्या असू दे, चार पानं खातील आणि उडून जातील.

आता खड्डे. घाई करू नकोस, या पावसात नवीन काही लावायचं नाही. आधी पाईप वळवून घे, पाणी थेट गटाराच्या बाजूला जाऊ दे. पाच खड्ड्यांतली माती काढून टाक, कुजकी मुळं एकही ठेवू नकोस आणि ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नकोस. पाऊस ओसरला की पहारीने तळाचा मुरुम फोड, खड्ड्यात पाणी ओत आणि घड्याळ लावून बघ. तासाभरात उतरलं तर ठीक, नाही उतरलं तर खोल जायच्या ऐवजी वर ये, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच मातीचा बांध घाल आणि त्यावर लाव. मला विचारशील तर चारी बाजूंना बांधच घाल, चौकट उठून दिसेल. नव्या मातीत शेणखत जुनं हवं, गरम नको, थोडी निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळकुजीला रोखणारी उपकारक बुरशी, मिसळ.

छाटणी मोठी दोनदा. एकदा पावसाळ्याआधी मे अखेरीस हलकी, एकदा पाऊस संपल्यावर. मध्ये फुलांचा बहर आला तर तो होऊ दे, मग कात्री. आणि आकार देताना खाली रुंद, वर किंचित निमुळतं. सगळे उलट करतात, वर पसरट ठेवतात आणि मग खालची पानं सावलीत जाऊन गळतात, कुंपणाचे पाय उघडे पडतात. एकदा पाय उघडे पडले की परत भरायला वर्षं जातात.

रोपं विकत आणायची गरज नाही, त्या सातांच्या फांद्या लाव. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर, खालची पानं काढून वाळूत. या हवेत लागतील, जास्तीच्या लाव कारण सगळ्याच जगणार नाहीत.

अंगणवेडी | २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०५

मंडळी, बरेच दिवसांनी. पाईप वळवला, प्लंबरने दोन रविवार घालवले पण झालं एकदाचं. खड्ड्यात पाणी ओतून बसले होते, पहिल्या खड्ड्यात दोन तासांनीही तसंच, मग काकांचं ऐकून वीतभर बांध घातला. मिस्टरांनी आणि लेकीने माती वाहिली. वीस फांद्या लावल्या होत्या, त्यातल्या अकरा फुटल्यात. पाच बांधावर जातील, दोन सीवूड्सवालीला, तिच्या मांजरासाठी नाही, तिच्या बाल्कनीसाठी.

चौदावा_मजला, तुमच्या मातीचं प्रमाण लिहून घेतलंय. एकच बॉक्सवुड मागवलंय, पुढच्या आठवड्यात येईल. मातीची कुंडी आणि दोन विटा आणून ठेवल्या आहेत.

आणि काल सकाळी तुळशीला पाणी घालताना वास आला. आधी वाटलं शेजारी कोणी अत्तर लावलं असेल. मग वाकून बघितलं तर तिसऱ्या कामिनीला सहा फुलं. ताईला व्हिडिओ कॉल लावला, ती म्हणाली कुंपण दाखव, तर फोन हातात धरून मी चौकटीच्या कडेकडेने चालले, एका टोकापर्यंत आणि परत.

माळीकाका | २४ ऑक्टोबर, रात्री ८:३०

छान. त्या तिसरीला आत्ता कात्री लावू नकोस. आणि नवीन अकरांना नोव्हेंबरभर दुपारच्या उन्हापासून सावली दे, एखादी जुनी साडी बांधलीस तरी चालेल.